अर्ध्या पानात मावणारी श्रद्धा

४ मार्च

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण बरी नसलीस तरी तू कळवणार नाहीसच.

बाबांचा गुडघा सकाळी धरतो आणि दुपारपर्यंत सुटतो. पोस्टमन गल्लीत शिरला की मात्र त्यांना गुडघा आहे हेच त्यांच्या लक्षात राहत नाही. 'भिंगरीचं आलं का?' हा प्रश्न दिवसातून तीनदा होतो. तुझं पत्र आलं की आधी ते वाचतात, मग मोठ्याने वाचतात, मग शेजारच्या निवृत्त मास्तरांना बोलावून पुन्हा वाचतात. मी त्यांच्याच घरात राहतो, त्यामुळे माझी चौकशी करायची कुणाला गरज पडत नाही. तुझ्या वहिनीला हे सांगितलं तर म्हणाली, 'मग तुम्हीही दोन तासांवर राहायला जा आणि पत्र पाठवा.' तिला पडदे शिवायचे होते. माझं रडगाणं ऐकायला तिला वेळ नव्हता.

माझं काम नेहमीचंच. या आठवड्यात खोकल्याच्या औषधाची घडी. खोक्यात बाटलीभोवती गुंडाळलेला तो पातळ कागद लिहिणारा कुणी माणूस असतो हे लोकांना पटतच नाही. वरिष्ठांनी पुन्हा बारा ओळी कापायला सांगितल्या. कागद तेवढाच, दुष्परिणाम वाढलेले. मी कापल्या. काय गाळलं तरी वाक्य धड दिसेल हे मला झोपेतही कळतं. विद्यापीठात इंग्रजीत पहिला आलो होतो, त्याचा हा उपयोग.

असो. तू विचारलंस म्हणून सांगतो, तुझ्या रुग्णालयाचा फॉर्म आला. तू माझंच नाव दिलंस याचं नवल वाटलं. जो माणूस आई गेली त्या दिवसापासून प्रार्थनेला उभा राहिला नाही, त्याला बहिणीच्या श्रद्धेबद्दल विचारायचं म्हणजे बहिऱ्याला गाण्याच्या परीक्षेला बसवण्यासारखं. 'उमेदवाराला लहानपणापासून ओळखणारी एक व्यक्ती' असं त्यांनी मागितलं होतं हे खरं. पण मावशी होती की. ती चार पानं लिहून पाठवती आणि वर तुझा पाळण्यातला फोटो जोडती.

फॉर्ममध्ये एकच प्रश्न: 'या व्यक्तीची श्रद्धा तुम्ही प्रत्यक्ष कधी पाहिलीत? एक प्रसंग लिहा.' खाली अर्धं पान रिकामं. बस्स. मी त्याच दिवशी भरून टाकला. काय लिहिलं ते विचारू नकोस, उमेदवाराला सांगायचं नाही असा त्यांचाच नियम आहे. जे घडलं तेच लिहिलं.

आजारी माणसांची पत्रं इंग्रजीत लिहून द्यायचं हे काम तीन वर्षं हंगामी केलंस, आता कायम व्हायला हवीस. तसं झालं की राहायला दोन खोल्या मिळतील, आणि बाबांना थोडे दिवस तुझ्याकडे नेता येईल. त्यांनी पिशवीसुद्धा काढून ठेवली आहे. मी सांगितलं, 'अजून निवड व्हायचीय,' तर म्हणाले, 'तिची नाही होणार तर कुणाची, तुझी?'

ते चेष्टेतच म्हणाले.

त्या म्हाताऱ्या शिंप्याचं पुढे काय झालं ते कळव. त्याच्या लेकीला लिहायच्या पत्राचा तू पाठवलेला मसुदा मी सुधारून दिला होता, तो वापरलास का, एवढंच विचारायचं होतं. इंग्रजी तुझं अजून शाळकरीच आहे. राग मानू नकोस, मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

तुझा,
दादा


१९ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र काल मिळालं. बाबांना वाचायला दिलं नाही. पोस्टमनने चुकून दुसरीकडे टाकलं असेल, म्हणून सांगितलं.

तर निवड समितीने तुला दुसऱ्यांदा बोलावलं, आणि तिघांपैकी एकाने सरळ विचारलं, 'प्रार्थना म्हणताना तुम्हाला काहीच वाटत नाही, हे खरं का?' आणि तू म्हणालीस, 'पुष्कळदा नाही वाटत.' त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढे काहीच न विचारता तुला जायला सांगितलं. तू लिहितेस, 'मीच कधीतरी एखाद्या नर्सजवळ बोलून गेले असेन, माझ्या तोंडाला कुठे कुलूप आहे.'

असेल. तू बोलतेस फार. लहानपणीही सगळं घरभर सांगत सुटायचीस.

पण मला एक सांग, त्यांनी विचारलं यात त्यांचं काय चुकलं? सकाळच्या प्रार्थनेला तुला पुढे उभं करायचं, मरणाऱ्या माणसाशेजारी तुला बसवायचं, तर तुझ्या आत काय आहे हे त्यांनी बघू नये? माझ्या घडीत एक शब्द चुकला तर कंपनी मला तीन दिवस उभं करते. तुमच्याकडे मात्र सगळं विश्वासावर. गोड हसलं, हात हातात घेतला, की झालं. इंग्रजीत जेमतेम पास झालेल्या मुलीने अख्ख्या रुग्णालयात 'पत्रवाल्या ताई' व्हायचं, आणि ज्याने तिला निबंध शिकवले त्याने खोकल्याच्या बाटलीला कागद गुंडाळत बसायचं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. शाईचं आहे, खोडलं तरी दिसेलच. राहू दे.

शिंप्याबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. मी सुधारलेलं पत्र तू त्याला त्याच्या भाषेत परत सांगितलंस, आणि तो म्हणाला, 'फार छान आहे ताई, पण हे कुणा दुसऱ्या माणसाचं आहे.' मग तुझंच शाळकरी पत्र गेलं. बरं झालं.

निकाल शुक्रवारी, २८ तारखेला, असं लिहितेस. होईल ते होईल. एवढं मनावर घेऊ नकोस.

घाईत आहे.

दादा


मंगळवार, २५ मार्च
तुझ्या रुग्णालयाचा तळमजला, चौकशीच्या खिडकीसमोरचा बाक

भिंगरी,

तू वर तिसऱ्या मजल्यावर आहेस आणि मी खाली बसून तुला पत्र लिहितोय. वर यायचं धाडस नाही. लिहून झालं की दारावरच्या माणसाजवळ देऊन जाईन. बाबा बरे आहेत, ते आधी सांगतो, म्हणजे तू घाबरणार नाहीस. घाबरण्यासारखं जे आहे ते मी केलंय.

कुठल्याही नर्सने काही सांगितलेलं नाही. मी लिहिलं.

आई गेली त्या दुपारचं. आपण दोघं जिन्यात बसलो होतो, तुझ्या मांडीवर तिची शाल होती, आणि तू म्हणालीस, 'दादा, प्रार्थना म्हणताना मला काहीच वाटत नाही रे. एक अक्षर आत पोचत नाही.' हे मी फॉर्मवर लिहिलं. अगदी शब्दाला शब्द. त्यापुढे लिहिलं की तिची भाषा चांगली आहे आणि ती भाषेच्या जोरावर हे काम उत्तम निभावते. त्याखाली सही.

तू जिन्यात तिथेच थांबली नव्हतीस, हे तुला आठवत असो वा नसो, मला आठवतं. तू शालीला नाक पुसलंस आणि म्हणालीस, 'पण आईला तरी रोज काय वाटत असेल? तरी म्हणायचीच ना ती? मीही उद्या म्हणणार. वाटो न वाटो. आपण म्हणायचं, ऐकणं हे ऐकणाऱ्याचं काम.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू म्हटलीस. आवाज फाटला होता, मध्येच दोन ओळी विसरलीस, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलीस. बाबा तुझ्या मागे उभे राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन कपाटातले डबे उगाच पुसत बसलो.

श्रद्धेचा एक प्रसंग लिहा म्हणाले होते. हा होता तो. दुसरा शोधायचीही गरज नव्हती. मी त्याचा पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसरा कापला. अर्ध्या पानात जागा नव्हती असं मी तीन आठवडे स्वतःला सांगतोय. जागा होती. सहीखाली चार बोटं कागद कोरा राहिला होता.

का केलं? फॉर्म आला त्याच्या आदल्या दिवशी बाबांच्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेलो होतो. माझ्या पुढे एक बाई होत्या. त्यांनी खोकं उघडलं, बाटली काढली, आत गुंडाळलेला कागद न बघताच काउंटरजवळच्या टोपलीत टाकला. तो मी लिहिलेला होता. तो कागद टाकण्यासाठीच असतो, मला त्याचं काही नाही. मग त्यांनी पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला दुसरा एक कागद काढला आणि दुकानदाराला दाखवला. त्यांच्या वडिलांचं शेवटचं पत्र. दुकानदाराने चष्मा काढून पुसला. बाई म्हणाल्या, 'इंग्रजी अगदी साधं आहे हो, माझ्या मुलांनाही लगेच कळलं. आणि वाचताना बाबांचाच आवाज येतो.' पत्राखाली कोपऱ्यात तुझी मराठीतली सही होती. ती लांबूनही ओळखू येते, वेलांटी अजून चुकीच्या बाजूला झुकते.

तेव्हाच सांगता आलं असतं, 'ही माझी बहीण.' कुणालाही अभिमान वाटला असता. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. गोळ्या घ्यायच्या विसरून घरी आलो आणि तुझ्या वहिनीच्या अंगावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी फॉर्म आला. मला वाटलं, आता सापडली ही तावडीत.

पण एवढ्यावर थांबलो तर हेही अर्धंच होईल.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या या नोकरीची जाहिरात तू माझ्या टेबलावर पाहिली होतीस. 'इंग्रजीची पदवी हवी आणि श्रद्धा हवी,' हे वाचून आपण दोघं केवढे हसलो होतो. हे म्हणजे स्वयंपाक यायला हवा आणि पोहताही यायला हवं, असं तू म्हणालीस. मग विचारलंस, 'दादा, मी करू का रे अर्ज?' मी म्हटलं, 'कर की.' ती जाहिरात मी कापून का ठेवली होती, हे तू कधी विचारलं नाहीस.

मी आधीच अर्ज केला होता. तुझ्या मुलाखतीच्या चार दिवस आधी माझी झाली. याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, त्याच तिघांसमोर. घरी सांगितलं होतं की छापखान्यात काम आहे. नवा शर्ट घातला होता. भाषेचे प्रश्न तर मी असे उडवले की त्यांच्यातला एक जण खूष होऊन हसला. म्हाताऱ्या माणसांची मुलं, नातवंडं लांब जातात, इंग्रजीशिवाय त्यांना काही येत नाही, त्यांच्यापर्यंत यांचं बोलणं पोचवायचं, हे काम माझ्यासाठीच आहे असं मला खरंच वाटलं होतं. कित्येक वर्षांनी काहीतरी वाटलं होतं. मग समितीच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी विचारलं, 'आजारी माणूस काहीच बोलला नाही तर काय कराल?' मी म्हटलं, 'मग लिहायचं काही उरत नाही. मी दुसऱ्या खाटेकडे जाईन.' त्यांनी आभार मानले.

चार दिवसांनी तू मुलाखत देऊन आलीस आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाणी पीत सांगितलंस, 'दादा, मला विचारलं, माणूस बोललाच नाही तर? मी म्हटलं, बसेन. एवढंच सुचलं, सगळं घालवलं बघ मी.' मीही म्हटलं, 'घालवलंस खरं.' मनात म्हटलं, बरं झालं. आठवड्याने तुझी निवड झाल्याचं पत्र आलं आणि बाबांनी मला सगळ्या आळीत कळवायला पाठवलं. मी प्रत्येक दारात जाऊन हसून सांगितलं.

तुझ्या पदवीचा मी कधी हेवा केला नाही. कसा करणार, तुझ्यापेक्षा माझी मोठी होती. हेवा आहे तो त्या 'बसेन'चा. आपण एकाच आईच्या हाताखाली वाढलो, तीच प्रार्थना दोघांनी पाठ केली, तीच पुस्तकं वाचली, किंबहुना माझी वाचून झाल्यावर तू वाचलीस, समासात माझ्या खुणा होत्या. मग तुझ्याकडे ते आलं आणि माझ्याकडे आलं नाही, असं का? मी काही कमी मागितलं होतं? आईचा जीव जात होता तेव्हा मी तुझ्यापेक्षा जास्त जोरात मागत होतो. तू जिन्यात म्हणालीस, काही वाटत नाही, तेव्हा खरं सांगतो, मला आनंद झाला होता. वाटलं, चला, सोबत मिळाली. आणि दुसऱ्या सकाळी तू मला एकट्याला टाकून पुढे जाऊन उभी राहिलीस.

आज सकाळी बसने आलो आणि मोठ्या बाईंना भेटलो. म्हटलं, माझं पत्र मला परत हवं आहे. त्यांनी फाईल काढली. कारण लिहून द्यावं लागतं म्हणाल्या आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. मी पेन काढलं. मग एकच शब्द लिहिला, 'मत्सर.' त्यांनी वाचला आणि तो कागद फाईलला लावला.

नंतर म्हणाल्या, 'तुम्ही आधी येऊन गेलात ना इथे?'

नाही म्हणणार होतो. 'हो,' म्हटलं.

'बहिणीला माहीत आहे?'

'नाही.'

'कागद घेऊन जा,' त्या म्हणाल्या. 'पण तिघांनीही तो वाचलाय. वाचलेलं मी कसं परत देऊ?' मी म्हटलं, नवं लिहून देतो, आत्ता, इथे, पूर्ण प्रसंग. त्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. 'तुम्ही चांगलं लिहिता. पहिलंही चांगलंच लिहिलं होतंत, म्हणून तर आम्ही ते खरं धरलं.' पुढे म्हणाल्या, 'शुक्रवारी अकरा वाजता समिती बसेल. यायचं तर स्वतः या. तिघांसमोर तोंडी सांगा. आणि उमेदवार खोलीतच असेल. आम्ही पाठीमागे काही ऐकत नाही, एकदा ऐकलं ते पुरे झालं.'

ऐकतील की नाही, माहीत नाही. कदाचित तुझं काम आणखी एक वर्ष हंगामी राहील, बाबांची पिशवी भरायची राहून जाईल, आणि त्याला कारण मी असेन. बाबांना हे मी आज घरी गेल्यावर सांगणार आहे. तू सांगू नकोस, तू सांगितलंस तर माझी बाजू घेऊन सांगशील.

माफ कर असं लिहीत नाही. तू करशील, आणि इतक्या पटकन करशील की माझं डोकं पुन्हा फिरेल. हेवा गेलेला नाही, भिंगरी. आत्ताही वरून कुणीतरी हसल्याचा आवाज आला आणि मला वाटलं, ती असेल, तिथे सगळ्यांना हवी असलेली. हे असं आहे. ते घेऊनच शुक्रवारी येतोय.

एक मागणं आहे. पावणेअकराला मी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीबाहेर असेन. तूही असशील. मला बघून उठू नकोस, पाणी हवं का विचारू नकोस, 'दादा, जेवून आलास का?' म्हणू नकोस. माझ्याकडे बघूच नकोस. तू नेहमीसारखी चांगली वागलीस, तर आत जाऊन मी काय बोलेन, याचा मला भरवसा नाही.

तुझा, तुझ्यावर जळणारा,
दादा